आडनाव सोडा, शेताचं नाव धरा: एकोणिसाव्या शतकातले वेल्श पूर्वज शोधताना

सासूबाईंच्या पणजोबांचं नाव जॉन जोन्स. पश्चिम वेल्समधून कोळशाच्या खाणीवर कामाला आलेले, एवढीच माहिती घरात होती. वेल्समध्ये जॉन जोन्स शोधायला निघणं म्हणजे सदाशिव पेठेत शिरून "इथे कुलकर्णी राहतात का हो?" असं विचारणं. राहतात. पुष्कळ राहतात.

मी लग्न होऊन वेल्समध्ये आले आणि हा उद्योग अंगावर घेतला तो खरं तर पावसामुळे. इथल्या हिवाळ्यात संध्याकाळी चारनंतर दुसरं काही सुचत नाही. पहिले सहा महिने मी ज्याच्या मागे होते तो जॉन जोन्स आमचा नव्हताच. त्याच्या जन्माचा दाखला पैसे भरून मागवला, सासूबाईंना वाचून दाखवला, त्यांनी तो चहाच्या टेबलावर दोन पाहुण्यांना दाखवला. मग मृत्यूच्या सूचीत तोच मुलगा सापडला, वय वर्षं चार. चार वर्षांचा होऊन गेलेला मुलगा कुणाचा पणजोबा होत नाही. तेव्हापासूनचा माझा नियम असा: सापडलेला माणूस आपला मानायच्या आधी तो लहानपणी गेला नाही ना, हे बघायचं.

आपल्याकडे कुलवृत्तांत असतात, कोल्हापूर-सांगलीकडे हेळवी दारात येऊन वंशावळ वाचतात, त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्यायांच्या वहीत आजोबांच्या हातचं अक्षर सापडतं. वेल्समधल्या कुळांना, मजुरांना, खाणकामगारांना असं आयतं काही नाही. सरकारी नोंदणी, दहा वर्षांनी एकदा होणारी खानेसुमारी आणि चर्च-चॅपेलांच्या चोपड्या यांचे धागे आपणच एकमेकांना बांधायचे. (इथे चर्च म्हणजे सरकारमान्य अँग्लिकन पंथाचं, चॅपेल म्हणजे त्यातून वेगळ्या झालेल्या प्रॉटेस्टंट पंथांचं प्रार्थनाघर.) हा लेख त्यासाठी. तुम्ही माझ्यासारखे वेल्श घरात आलेले असाल, किंवा तुमच्याच घराण्यात वर कुठेतरी एखादा पॉवेल किंवा प्राइस असेल, तर उपयोग होईल.

आधी घरात विचारा

सगळ्यात वयस्कर माणसापासून सुरुवात करा, आणि "तुमचे पणजोबा कोण?" असं विचारू नका. त्याला उत्तर मिळत नाही. "सुट्टीत कुठे जायचात? कुठल्या चॅपेलला जायचात? आजीला कुठे पुरलं?" असं विचारा. वेल्श घरात चॅपेलचं नाव कळलं की निम्मं काम होतं, कारण त्यावरून पंथ कळतो आणि पंथावरून कुठली वही उघडायची ते कळतं. जुनं वेल्श बायबल असेल तर मधली कोरी पानं पाहा, मुलांचे जन्म तिथे लिहिलेले असतात. व्हिक्टोरियन काळात माणूस गेला की काळ्या कडांची छापील स्मरणपत्रं वाटायचे, ती बऱ्याचदा त्याच बायबलात दडलेली असतात.

मग आजपासून मागे चाला. १८०० सालचा कुणी नामांकित जोन्स पकडून तिथून खाली उतरायचा मोह होतो, तो आवरा. विसाव्या शतकातल्या पिढ्यांसाठी १९३९ सालचं रजिस्टर (युद्ध सुरू होताच केलेली देशभरातल्या लोकांची नोंद) आणि १९२१ ची खानेसुमारी हाताशी आहे. १९३१ ची आगीत जळाली, ती शोधण्यात वेळ घालवू नका.

नावं कशी फिरतात

नवखा माणूस वाट चुकतो तो इथे, म्हणून जरा थांबते. खरं तर मराठी माणसाला ही पद्धत लवकर कळायला हवी. आपल्या नावातलं आडनाव काढून टाका. उरलं ते जुन्या वेल्श धर्तीचं नाव. विठ्ठल रामजी, त्याचा मुलगा रामजी विठ्ठल, त्याचा मुलगा पुन्हा विठ्ठल रामजी. वेल्शमध्ये मधे 'आप' येई, स्वरापुढे 'आब', म्हणजे 'चा मुलगा'; मुलीच्या नावात 'वेर्ख'. पुढे इंग्रजी कारकुनी आली तसं हे 'आप' नावाला चिकटून बसलं. आप हवेलचं पॉवेल झालं, आप रीसचं प्राइस, आप हॅरीचं पॅरी, आप ह्यूचं प्यू, आप रिचर्डचं प्रिचर्ड, आब ओवेनचं बोवेन, आब इव्हानचं बेव्हन. बाकीच्यांनी बापाच्या नावाला नुसता इंग्रजी 'स' लावला: जॉनचा तो जोन्स, विल्यमचा विल्यम्स, इव्हानचा इव्हान्स, डेव्हिडचा डेव्हिस. बापांची नावंच मोजकी, म्हणून आडनावंही मोजकी.

जमीनदार घराण्यांनी कायमचं आडनाव सोळाव्या शतकापासून घ्यायला सुरुवात केली. सामान्य माणसांत ते सावकाश झिरपलं, आणि पश्चिम व वायव्य वेल्सच्या काही भागांत तर एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बापाचंच नाव चालू राहिलं. म्हणजे जॉन जोन्सचा बाप थॉमस जोन्स असेल, पण थॉमस जोन्सचा बाप जॉन थॉमस असू शकतो. आडनाव बदललं म्हणून माणूस परका समजू नका. आमच्या घरात अगदी हेच झालं होतं, ते पुढे येईलच.

आणखी दोन खोड्या. बायका लग्नानंतरही बऱ्याचदा माहेरचंच आडनाव लावत. मृत्युपत्रात, थडग्यावर, कधी चर्चच्या वहीतही. आणि एकाच माणसाचं नाव भाषेप्रमाणे बदलतं: चॅपेलमध्ये दाविद, सरकार दरबारी डेव्हिड, घरी शान, कागदावर जेन, घरी ग्विलिम, कागदावर विल्यम, मार्गेदची मार्गारेट, मायरची मेरी. लिहिणारा कारकून इंग्रज आणि सांगणारी बाई नुसती वेल्श बोलणारी असली की काय कागदावर उतरलं असेल याची कल्पना करा.

तेव्हा वेल्समध्ये नुसत्या आडनावानं माणूस हाती लागत नाही. तो हाती लागतो घराच्या नावानं. तिथे प्रत्येक शेतघराला नाव असतं आणि माणसं त्याच नावानं ओळखली जातात, आपल्याकडे 'वरच्या आळीतले' किंवा 'वडाखालचे' म्हणतात तशी. पंचक्रोशीत पाच जॉन जोन्स असले तरी पेनलानचा जॉन जोन्स बहुधा एकच. म्हणून प्रत्येक कागद हातात आला की मी आधी पत्त्याचा रकाना वाचते.

१८३७ नंतर: दाखले

इंग्लंड आणि वेल्समध्ये १ जुलै १८३७ पासून जन्म, लग्न आणि मृत्यूची सरकारी नोंदणी सुरू झाली. मुख्य दप्तर जनरल रजिस्टर ऑफिसचं, ते आता साउथपोर्टला आहे. सूची तिमाहीनुसार असते: मार्च, जून, सप्टेंबर, डिसेंबर. ही तिमाही नोंद झाली त्या तारखेची. जन्म नोंदवायला सहा आठवड्यांची मुदत असल्यामुळे मार्चमध्ये जन्मलेलं मूल जूनच्या तिमाहीत सापडू शकतं.

सूचीत नाव, नोंदणी जिल्हा, खंड आणि पान एवढं मिळतं. नोंदणी जिल्हा आणि काउंटी (तिथला जुना प्रशासकीय प्रांत) एक नव्हे. न्यूकॅसल एमलिन हा जिल्हा कार्डिगनशायर आणि कारमार्थनशायर दोन्हीकडे पसरलेला होता, कार्डिगन जिल्ह्यात पेम्ब्रोकशायरची गावं होती. १८५२ पासून वेल्सच्या जिल्ह्यांना ११ए आणि ११बी हे खंड आहेत. सीमेवरचे काही भाग सोडले, तर दुसरा आकडा दिसला की तो माणूस इंग्लंडमध्ये नोंदलेला आहे असं समजा.

'फ्रीबीएमडी' ही सूची फुकट आहे, लग्नांसाठी तीच वापरा. जन्म आणि मृत्यूसाठी मात्र जनरल रजिस्टर ऑफिसच्या संकेतस्थळावरची त्यांची स्वतःची सूची बघा. खातं उघडायला पैसे पडत नाहीत, आणि तिथे १८३७ पासून जन्माच्या नोंदीत आईचं माहेरचं आडनाव दिलेलं आहे, मृत्यूच्या नोंदीत वय. जुन्या छापील सूचीत आईचं आडनाव १९११ च्या सप्टेंबर तिमाहीपासूनच येतं. ऑफिसच्या सूचीत आईच्या आडनावाची जागा रिकामी असेल तर आई बहुधा अविवाहित.

आता सगळ्यात कामाची युक्ती, जी मला कुणी आधी सांगितली असती तर सहा महिने वाचले असते. जॉनला शोधू नका. जॉनच्या भावंडांत ज्याचं नाव विरळ असेल त्याला शोधा. आमच्या जॉनला एक ग्वेनल्लियन नावाची बहीण होती. त्या जिल्ह्यात, त्या चार वर्षांत, ग्वेनल्लियन जोन्स म्हणून एकच नोंद निघाली; आईचं माहेरचं आडनाव इव्हान्स. मग जॉन जोन्सच्या पंधरा-सोळा नोंदींतून आई इव्हान्स असलेल्या तेवढ्या वेगळ्या काढल्या. उरल्या दोन. त्यातला एक तो चार वर्षांचा. पैसे एकाच दाखल्याचे गेले असते.

जन्माच्या दाखल्यावर जागेचं नाव असतं, म्हणजे शेतघर सापडायची पहिली संधी. जन्माची वेळ लिहिलेली असेल तर बहुधा जुळं आहे, सूचीत शेजारीच दुसरं मूल बघा. १८७५ पूर्वी आईबापांवर नोंदवण्याची सक्ती ढिली होती, त्यामुळे काही मुलं सुटलेली असतात. नाही सापडलं म्हणून जन्मलंच नाही असं नव्हे.

लग्नाचा दाखला मात्र घ्याच, तो सगळ्यात बोलका. नवरा-नवरी दोघांच्या बापांची नावं आणि धंदे त्यात असतात. आयांची नावं नसतात. ती लिहायला २०२१ साल उजाडावं लागलं. वयाच्या जागी 'फुल एज' असेल तर २१ पूर्ण, एवढाच अर्थ. सहीच्या जागी फुली असेल तर माणूस निरक्षर होता असं बिनधास्त म्हणू नका: वेल्श वाचता येणारे पुष्कळजण लिहायला शिकलेले नसत. साक्षीदारांची नावं टिपून ठेवा, ती बहुतेक बहीण-भावांची निघतात. जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी संगणकावरच्या प्रतीत स्वस्तात मिळतात, लग्नाचा दाखला कागदावरच मागवावा लागतो.

चॅपेलमधल्या लग्नांची एक गंमत आहे. १८३७ पासून चॅपेलमध्ये लग्न लावायची मुभा मिळाली, पण १८९९ पर्यंत तिथे सरकारी निबंधक हजर असावा लागे आणि नोंद त्याच्या वहीत होई. म्हणून चॅपेलच्या दप्तरात लग्नांची वही शोधून उपयोग नाही, ती जिल्ह्याच्या नोंदणी कचेरीत असते. उत्तर वेल्सच्या कचेऱ्यांची सूची 'नॉर्थ वेल्स बीएमडी' या नावानं उपलब्ध आहे आणि तिथे लग्न कुठल्या चर्चमध्ये किंवा कचेरीत झालं हेही कळतं. स्थानिक कचेरीला राष्ट्रीय सूचीचा खंड-पान क्रमांक देऊ नका, त्यांच्या वह्यांचे क्रमांक वेगळे असतात.

खानेसुमारी

१८४१ पासून दर दहा वर्षांनी. १८४१ च्या नोंदीवर फार भिस्त ठेवू नका: पंधरावर वय असलेल्यांची वयं पाचाच्या पटीत खाली आणलेली आहेत (२९ चा माणूस २५ चा दिसतो), नाती लिहिलेली नाहीत आणि जन्मगावाच्या जागी नुसतं 'याच काउंटीत का' याचं हो-नाही. खरी खानेसुमारी १८५१ पासून. नातं, वय, धंदा, जन्माची पॅरिश (एका चर्चच्या हद्दीतला परिसर). १८९१ मध्ये वेल्ससाठी भाषेचा रकाना आला: वेल्श, इंग्रजी की दोन्ही. १९११ मध्ये कुटुंबप्रमुखानं स्वतःच्या हातानं भरलेला कागद बघायला मिळतो, आणि लग्नाला किती वर्षं झाली, किती मुलं झाली, किती जगली हेही. आमच्या कागदावर झाली नऊ, हयात पाच असं आहे. सासूबाई त्या दिवशी पुढे काही बोलल्या नाहीत.

१८८१ ची खानेसुमारी 'फॅमिलीसर्च'वर फुकट मिळते, तिथून सुरुवात करा. आमचा जॉन जोन्स त्या वर्षी ऱ्होंदा खोऱ्यात आहे. हे खोरं समजून घ्या, कारण दक्षिण वेल्सची निम्मी घराणी या वाटेनं येतात. १८५१ मध्ये तिथे हजाराच्या आत वस्ती होती. १९११ पर्यंत कोळशापायी ती दीड लाखावर गेली. हे लोक आले कुठून? सुरुवातीला बहुतांशी पश्चिमेच्या शेतीवाल्या काउंट्यांतून. तेव्हा तरुण खाणकामगार पोटभाडेकरू म्हणून राहताना दिसला तर घरमालकाचं आणि इतर भाडेकरूंचं जन्मगाव वाचा. गिरणगावात कोकणातली एका गावची माणसं एका खोलीत राहायची, तसंच इथेही. जॉनच्या जन्मगावासमोर कारकुनानं नुसतं 'लानविहांगेल, कार्डिगनशायर' लिहिलंय. शेजारच्या भाडेकरूसमोर मात्र पूर्ण नाव आहे.

हे पूर्ण नाव का महत्त्वाचं? 'लान' म्हणजे चर्चचं आवार, 'विहांगेल' म्हणजे मायकेल देवदूताचं. मायकेलला वाहिलेली चर्चं जागोजागी. एकट्या कार्डिगनशायरमध्ये लानविहांगेल इस्त्राद आहे, लानविहांगेल-इ-क्रोयद्दिन आहे, लानविहांगेल गेनाउर ग्लिन आहे. मागचं शेपूट नसेल तर गाव सापडलं असं म्हणू नका. आणि एकाच माणसाची सगळ्या दशकांतली नोंद काढा. एका वर्षी काउंटी, दुसऱ्या वर्षी पॅरिश, तिसऱ्या वर्षी खेड्याचं नाव असं वेगवेगळं लिहिलेलं असतं.

चर्चच्या आणि चॅपेलच्या वह्या

१८३७ च्या मागे जायचं तर पॅरिशच्या वह्या. अँग्लिकन पॅरिशमध्ये बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांच्या नोंदी. १८१३ पासून त्यासाठी छापील रकाने आले, आणि बाप्तिस्म्याच्या रकान्यांत आईबापांच्या नावांबरोबर राहण्याचं ठिकाण आणि बापाचा धंदा आला. आपल्याला हवं तेच. त्याआधीच्या वह्यांत बऱ्याचदा 'अमक्याचा मुलगा तमका' एवढ्यावर भागवलेलं असतं.

बहुतेक वह्या अॅबरिस्टविथच्या राष्ट्रीय ग्रंथालयात किंवा काउंटीच्या अभिलेखागारात जमा आहेत आणि त्यांची छायाचित्रं 'फाइंडमायपास्ट'वर पाहता येतात. वर्गणी भरण्याआधी जवळच्या सार्वजनिक ग्रंथालयात जा, अशी संकेतस्थळं तिथल्या संगणकावर बऱ्याच ठिकाणी फुकट उघडतात. मूळ वही हरवली असेल किंवा उंदरांनी खाल्ली असेल तर बिशपकडे धाडलेल्या वार्षिक नकला बघा. बँगर, सेंट असफ, सेंट डेव्हिड्स आणि लॅन्डाफ या चारही धर्मप्रांतांच्या नकला राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत. लग्नाच्या परवान्यासाठी लिहून दिलेले जुने करारही तिथेच.

पण वेल्स हा चॅपेलवाल्यांचा मुलूख. १८५१ च्या धार्मिक खानेसुमारीत असं दिसलं की प्रार्थनेला गेलेल्यांपैकी पाचातले जवळपास चार अँग्लिकन चर्चबाहेर, चॅपेलमध्ये गेले होते. म्हणून पॅरिशमध्ये बाप्तिस्मा नाही सापडला तर घाबरू नका, पंथ बघा. कॅल्व्हिनिस्टिक मेथडिस्टांनी स्वतःचे धर्मोपदेशक नेमायला १८११ मध्ये सुरुवात केली. त्याआधीची त्यांची मुलं पॅरिशमध्येच असतात. बॅप्टिस्ट मोठ्या माणसांचाच बाप्तिस्मा करतात, त्यांच्याकडे तान्ह्या मुलांच्या बाप्तिस्म्याची नोंद शोधण्यात अर्थ नाही. सरकारनं १८३७ नंतर चॅपेलांच्या जुन्या वह्या मागवून घेतल्या, त्या लंडनजवळ क्यूच्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये आरजी ४ या वर्गात आहेत. त्यानंतरच्या काही राष्ट्रीय ग्रंथालयात, काही काउंटीत, आणि काही अजूनही एखाद्या चॅपेल-चिटणिसाच्या कपाटात.

लग्न आणि दफन मात्र चॅपेलवाल्यांचंही पॅरिशच्या वहीत शोधा. १७५४ ते १८३७ या काळात क्वेकर आणि ज्यू सोडून सगळ्यांना अँग्लिकन चर्चमध्येच लग्न करावं लागे. चॅपेलला स्वतःची दफनभूमी नसेल तर माणूस पॅरिशच्या आवारातच पुरला जाई, आणि १८८० पर्यंत तिथे विधी व्हिकारच (पॅरिशचा अँग्लिकन धर्मगुरू) करी.

दगड आणि नकाशा

थडग्यावरचं वेल्श वाचायला शब्दकोश लागत नाही, दहा शब्द पुरतात. 'एर कोव आम' म्हणजे च्या स्मरणार्थ. 'ग्वराइग' बायको, 'माब' मुलगा, 'मेर्ख' मुलगी, 'हेविद' म्हणजे तसेच, 'बी वारू' म्हणजे निधन, 'म्लुइद ओइद' म्हणजे वर्षं वयाचा. वाचताना एक लक्षात ठेवा: एकटा 'एफ' दिसला की 'व' म्हणायचं, दोन 'एफ' असतील तरच 'फ'. 'डब्ल्यू' हा बऱ्याचदा 'उ'.

आमच्या जॉन जोन्सच्या दगडावर, ऱ्होंदातल्या दफनभूमीत, नावाखाली एक ओळ होती: 'गिन्त ओ बेनलान'. म्हणजे 'पूर्वीचा बेनलानचा'. शेतघराचं नाव! मी दोन आठवडे बेनलान शोधलं. खानेसुमारीत नाही, नकाशात नाही, कुठेच नाही. शेवटी सासूबाईंना विचारलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "अगं, बेनलान नाही, पेनलान. 'ओ' पुढे आलं की 'प' चा 'ब' होतो."

आपण पुणेचं 'पुण्याला' करतो, शब्दाची शेपटी बदलतो. वेल्श लोक शब्दाचं तोंड बदलतात. 'प' चा 'ब', 'त' चा 'द', 'क' चा 'ग', 'ब' आणि 'म' चा 'व', आणि 'ग' तर चक्क गायब. तेव्हा दगडावर किंवा वर्तमानपत्रात वेल्श मजकुरातलं ठिकाण न सापडलं तर पहिलं अक्षर बदलून बघा.

पेनलान म्हणून शोधलं आणि १८६१ च्या खानेसुमारीत ते कुटुंब समोर आलं: थॉमस जोन्स, शेतकरी, बायको, जॉन, नऊ वर्षांचा, ग्वेनल्लियन, सहा. पेनलान नावाची शेतं ठिकठिकाणी आहेत, पण त्या पॅरिशमध्ये एकच.

शेत नक्की करायला टाइथ नकाशे बघा. १८३६ च्या कायद्यानं चर्चचा दशमांश धान्याऐवजी पैशात घ्यायचं ठरलं, त्यासाठी पुढच्या काही वर्षांत जवळजवळ सगळ्या वेल्सची मोजणी झाली. सोबतच्या यादीत मालक, कसणारा, शेताचं नाव, क्षेत्र आणि जिरायत की कुरण असं सगळं. आपला सातबाराच म्हणा ना. राष्ट्रीय ग्रंथालयानं हे सगळं संकेतस्थळावर फुकट ठेवलं आहे. पेनलानच्या यादीत मालकाच्या जागी जमीनदार आणि कूळ म्हणून थॉमस जोन्स.

तिथेच १८५८ पूर्वीची वेल्श मृत्युपत्रंही आहेत, तीही फुकट. गरीब कुळाचं मृत्युपत्र असेल कशाला, असं मलाही वाटलं होतं. दोन गायी आणि एक पितळी भांडं ठेवून जाणाराही मृत्युपत्र करी, आणि त्यात जावयांची नावं असतात. १९१९ पर्यंतची वेल्श वर्तमानपत्रंही ग्रंथालयानं शोधण्याजोगी करून ठेवलीत. माणसाचं नाव टाकू नका, जोन्सच्या पुरात वाहून जाल. शेताचं आणि चॅपेलचं नाव टाका.

मुंबई इलाख्याची वाट

भुसावळ, इगतपुरीच्या रेल्वे वसाहतीतल्या किंवा पुण्या-मुंबईच्या जुन्या अँग्लो-इंडियन घरांत प्राइस, पॉवेल, मॉर्गन असं आडनाव असेल तर नुसत्या आडनावावरून वेल्स गाठू नका; ही नावं इंग्लंडच्या सीमेवरच्या काउंट्यांतही भरपूर. मुंबई इलाख्यातले ख्रिस्ती बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं यांच्या नकला लंडनला जात. त्या ब्रिटिश लायब्ररीच्या इंडिया ऑफिस दप्तरात एन/३ या मालिकेत आहेत, 'फाइंडमायपास्ट'वरही. लग्नाच्या नोंदीत बापाचं नाव मिळतं. माणूस सैनिक असेल तर क्यूला त्याचे निवृत्तीचे कागद बघा, डब्ल्यूओ ९७ मध्ये. त्यात जन्माची पॅरिश असते, आणि मग तुम्ही वर सांगितलेल्या वाटेला लागता.

आमची वाट कुठवर गेली

१८५१ च्या खानेसुमारीत थॉमस जोन्स ३६ वर्षांचा, जन्म त्याच पॅरिशमधला. म्हणजे १८१५ च्या आसपास. त्या वर्षीच्या बाप्तिस्म्यांत थॉमस जोन्स कुणी नव्हता. मी पान मिटणार होते, तेवढ्यात पत्त्याच्या रकान्यात पेनलान दिसलं. मुलाचं नाव थॉमस, बापाचं जॉन थॉमस, आईचं मेरी, धंदा शेती. जॉनचा मुलगा म्हणून हा थॉमस पुढे जोन्स झाला, आणि त्याच्या मुलांना जोन्स हेच कायमचं आडनाव लागलं. आडनावानं शोधत बसले असते तर हे पान कधीच उघडलं नसतं.

जॉन थॉमसचा बाप थॉमस असणार, हे नावावरूनच दिसतं. पण १८१३ च्या मागच्या वहीत पत्त्याचा रकाना नाही. १७८० ते १७९० च्या दरम्यान त्या पॅरिशमध्ये 'थॉमसचा मुलगा जॉन' असे तीन बाप्तिस्मे आहेत, तिघांच्या आयांची नावं लिहिलेली नाहीत. मी तिन्ही पानांच्या प्रती काढून आणल्या. सासूबाईंनी चष्मा लावून तिन्ही पाहिल्या, "मग यातला आपला कुठला?" असं विचारलं, आणि तिन्ही घडी घालून बायबलात ठेवून दिल्या.